इंजिनावर फोडलेला नारळ

६ ऑक्टोबर २०२५ रोजी सांडूभाऊंनी आपल्या बंद पडलेल्या गाडीसाठी अडतीस हजार चारशे पन्नास रुपयांचं नवं इंजिन कंट्रोल मॉड्यूल पडेगावच्या गॅरेजात आणून दिलं. गाडीचा मेंदूच तो. जुना कशानं गेला, हे इलेक्ट्रिशियन लक्ष्मणला बॉनेट उघडताच वासावरून कळलं. दसऱ्याच्या पूजेत सांडूभाऊंनी नारळ थेट इंजिनावर फोडला होता. पाणी मॉड्यूलच्या प्लगात शिरून आंबलं होतं, पिना हिरव्या पडल्या होत्या आणि खोबऱ्याच्या तुकड्याला मुंग्या लागल्या होत्या. लक्ष्मणला शिसारी आली.

त्यानं किल्ली खिशात घातली, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली आणि पंधरा मिनिटं स्वस्थ बसून राहिला.

“बसलास काय? लाव की लवकर!” सांडूभाऊ करवादले.

“करंट राहिला तर नवं बी जळंल, भाऊ. मग भरायचं कुणी, म्या?”

मग त्यानं एकेक पिन घासून कोरडी केली, मॉड्यूल बसवलं, बॅटरी जोडली आणि लॅपटॉप लावून नव्या मेंदूला गाडीच्या किल्लीची ओळख करून दिली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. तो बॉनेट लावणार, तोच सांडूभाऊंनी पिशवीतून नारळ काढला.

“नवी वस्तू हाय. एक फोडू दे.”

“व्हय, फोडा. पर माझ्या डोक्यावर फोडा. तिथं पाणी शिरलं तर चालतंय!”

सांडूभाऊ लालबुंद झाले. नारळ पिशवीत टाकून, बॉनेट आपटून त्यांनी तशीच गाडी काढली.

लक्ष्मणच्या मजुरीचे सातशे रुपये अजून यायचे आहेत.