कोरे बूट

लोहा गावाजवळच्या भुजंगरावाचा हिशोब सरळ होता. शहरातल्या पोरींकडं पैसा, आपल्या लेकीकडं, उज्वलेकडं, आई साखराबाईच्या माहेरचे पाय. झाली फिट्टंफाट. त्या माहेरची माणसंच तशी, लांब ढांगांची. साखराबाई लग्नात नवऱ्यापेक्षा वीतभर उंच निघाली, अन् त्यावरून भुजंगरावानं जन्मभर टोमणे खाल्ले. आता त्याच उंचीचं सोनं व्हायचं होतं.

उज्वला आठशे मीटर पळायची, तेही अनवाणी. नांदेडला एका क्रीडा वसतिगृहासाठी पोरींची निवड होती. तीन पोरी घेणार होते, आणि वयाच्या अटीमुळं उज्वलेला ही शेवटचीच संधी. शाळेतले पंचाक्षरी सर म्हणाले, "भुजंगराव, पाय देवानं दिले, बूट तुम्ही द्या. हल्ली निम्मं तर बूटच पळतात."

भुजंगरावानं सोयाबीन विकलं आणि लातूरहून बूट आणले. काय ते बूट! हातात घेतले तर वजनच लागेना, तळव्यात कसलीशी कडक पट्टी. सगळी गल्ली बघून गेली. मग साखराबाईनं ते कपाटात ठेवले, लग्नातल्या शालूशेजारी. आपल्याकडं नवी वस्तू कुणी उठसूट वापरत न्हाई बाबा. चांगला दिवस आला की काढायची. सर निवडणुकीच्या ड्युटीला जुंपलेले, मग हटकणार कोण? पोरगी आपली रोज अनवाणीच पळत राहिली.

निवडीच्या सकाळी उज्वलेनं ते कोरे करकरीत बूट पहिल्यांदा पायात घातले. मैदानाच्या पहिल्या फेरीत ती सगळ्यांच्या पुढं होती. दुसऱ्या फेरीत टाच सोलली. पाऊल टेकलं की तोंड वाकडं व्हायचं, पण पठ्ठी थांबली न्हाई. यंत्राच्या घड्याळानं तिला चौथी दाखवलं. तिसरीत अन् तिच्यात पापणी लवण्याएवढाही फरक नव्हता, पण यंत्राला तोही दिसला.

भुजंगरावाचं डोकं फिरलं. तिसरी आलेली श्रद्धा लातूरच्या एका डॉक्टरांची लेक. तिच्याही पायात तसलेच बूट होते. त्यानं तिच्या वडलांना गाठलं.

"तुमच्या पोरीला बूट कसे चावले न्हाईत, डॉक्टरसाहेब?"

"सुरुवातीला चावले की," डॉक्टर साधेपणानं म्हणाले. "ही तिसरी जोडी. सरावात दोन झिजल्या."

भुजंगराव आला होता भांडायला, पण भांडावं कुणाशी? माणूस तर सरळ बोलत होता. बूट घेण्यापुरता पैसा त्यानं ओढाताण करून उभा केला होता. बूट झिजवायलाही पैसा लागतो, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. लई वाईट वाटलं त्याला.

मैदानाच्या कडेला, लिंबाच्या सावलीत बसून त्यानं पोरीच्या टाचेवर पाणी ओतलं. "माझंच चुकलं गं. रोज घाल म्हणून सांगायला पायजे होतं."

उज्वला खाली मान घालून म्हणाली, "सांगितलं असतं तरी घातले नसते, आबा. मळले असते."