पोत्यावरचं नाव

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास मी हिंगोलीत नावं विकायचा धंदा करत होते. असं कोणाला सांगितलं की समोरचा आधी हसायचा आणि मग आवाज खाली आणून विचारायचा, "काहून विकून राहिली माय? घरी काही अडचण हाय का?" मला असा राग यायचा! राग माझ्या नाकावरच असतो, अजूनही.

धंदा साधा होता. इंटरनेटवर दुकान थाटायचं तर त्याला पत्ता लागतो, शेवटी डॉट कॉम असलेला. तो जगात एकालाच मिळतो. जो आधी पैसे भरेल त्याचा. वर्षाला पाचशेच्या आतबाहेर खर्च. पुढे कोणाला नेमका तोच पत्ता हवा असला की तो आपल्याकडे येणार आणि आपण सांगू ती किंमत मोजणार. मी ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे तिथल्या एका जुन्या मासिकात हे वाचलं आणि माझं शिकवण्यातलं लक्षच उडालं.

क्रेडिट कार्ड मी तोवर चित्रातच पाहिलं होतं. बँकेच्या रांगेत उभं राहून मी मुंबईच्या एका कंपनीच्या नावानं डीडी काढायचे, रजिस्टर पोस्टानं पाठवायचे, आणि आठ-दहा दिवसांनी नाव माझं व्हायचं. तेवढ्या दिवसांत दोन चांगली नावं परदेशातल्या कोणीतरी पळवली. मी त्यांना मराठीतून मनसोक्त शिव्या घातल्या. बँकेतले कारकून दर वेळी विचारायचे, "परीक्षेची फी का?" मी हो म्हणायचे.

सोयाबीनच्या बियाण्याचं एक नाव अकोल्याच्या दुकानदाराला तीन हजारांना गेलं. मग काय, माझे पाय जमिनीवर ठरेनात. आईला साडी घेतली, उरलेल्यात आणखी चार नावं घेतली आणि मनात पक्कं केलं की पुढच्या सौद्यात घरी स्वतःचा कॉम्प्युटर आणायचा.

बाबा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल होते. एकाच सेठच्या आडतीवर पंचवीस वर्षं. हळदीच्या हंगामात घरी यायचे तेव्हा त्यांच्या कानातसुद्धा हळद असायची आणि आई म्हणायची, "आले बघा नवरदेव." त्या सेठच्या प्रत्येक पोत्यावर हिरव्या शाईत मार्का मारलेला असायचा, एका फुलाचं नाव. कोणतं ते लिहीत नाही, त्यांचं दुकान अजून चालू आहे. फाटकी पोती सेठ हमालांना देऊन टाकत. त्यामुळे आमच्या घरात जिकडे पाहावं तिकडे तो मार्का. दारात पाय पुसायला तोच, न्हाणीला पडदा तोच, थंडीत शेळीच्या पाठीवरही तोच. शाळेत जायच्या आधी मी अक्षरं लावायला शिकले ती त्याच्यावरून. एक दिवस नवीन नाव सुचेना म्हणून मी सहज ते टाकून पाहिलं. मोकळं होतं. लगेच डीडी काढला. ते सेठचं आहे हे डोक्यात आलंच नाही. शेळीच्या पाठीवरचं नाव, मला ते आमच्याच घरचं वाटत होतं.

तीन-चार महिन्यांनी त्या नावासाठी ईमेल आला. इंग्रजीत, एका ओळीचा, खाली नुसतं एक अक्षर. हे नाव पाहिजे, किती घ्याल? मी डोळे मिटून पंचवीस हजार लिहिले. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, दहा. मी क्लासमधल्या खुर्चीत बसल्या बसल्या गोल फिरले. घरी जाऊन आईला सांगितलं, कॉम्प्युटर कुठं ठेवायचा ती जागा झाडून घेतली. तिसऱ्या ईमेलमध्ये त्या माणसानं भेटून व्यवहार करू असं लिहून खाली पूर्ण नाव आणि पत्ता दिला. नवा मोंढा, हिंगोली. पुण्याला शिकून आलेला सेठचा मुलगा होता तो.

मोंढ्यात दुसऱ्याच्या मार्क्याला हात लावणं म्हणजे काय, हे हमालाच्या लेकीला सांगावं लागत नाही. न सांगता एक भरलेलं पोतं इकडचं तिकडे केलं म्हणून एकाला टोळीतून काढलेलं मी पाहिलं होतं. त्याला पुन्हा कोणत्याच आडतीवर काम मिळालं नाही. आणि बाबा तेव्हा पन्नाशीला आलेले.

संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना डॉट कॉम कळलं नाही, पण बाकीचं बराबर कळलं.

"सेठचा मार्का तू तुह्या नावावर केला?"

"व्हय."

"आन् त्यालाच इकून राहिली?"

"मला माहीत नव्हतं बाबा. मी फुकट देऊन टाकते."

मला भीती वाटत होती की ते रागावतील, आणि ते रागावत नव्हते म्हणून आणखी भीती वाटत होती. शेवटी म्हणाले, "सकाळी आपून दोघं जाऊ. काय व्हईल ते समोरासमोर व्हईल."

सकाळी त्यांनी धुतलेला शर्ट घातला. आडतीवर सेठ गादीवर बसले होते, बाजूला मुलगा. मला पाहून आधी तो ओळखेना. ईमेलवाली मीच हे सांगितल्यावर भडकलाच. "पप्पा, आपल्याच हमालाच्या पोरीनं आपलं नाव अडवून ठेवलंय आणि पंचवीस हजार मागते." बाबा खाली पायरीपाशी उभे होते, मान खाली घालून. त्यांना तसं पाहून मी ऐकून घेतलं. एरवी मी कोणाचं ऐकून घेणारी नाही.

सेठनं मुलाला हातानं गप्प केलं आणि मला विचारलं, "हे नाव नोंदवायला पैसे पडतात?"

"पडतात."

"कोणी भरले?"

"मीच. माझ्या पगारातून."

सेठ मुलाकडे वळले. "तू पुण्याहून येऊन वर्ष झालं. तुला हे आज सुचलं. पैसा हिनं भरला, मग माल हिचा. आता भाव करायचा, तमाशा न्हाई."

मोंढ्यात तेव्हा खुली बोली चालायची, पण जुने सेठ आपसातला खास सौदा अजूनही रुमालाखाली करत. दोघांनी हात रुमालाखाली घालायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचा. तोंडानं एक शब्द नाही, तिसऱ्याला पत्ता लागत नाही. सेठनं खांद्यावरचा रुमाल काढला, हातावर टाकला. मग माझ्याकडे पाहून थोडे अवघडले. पोरीचा हात कसा धरायचा? ते बाबांना म्हणाले, "या, वर या. तुमच्या घरचा माल आहे."

बाबा जागचे हलले नाहीत. पंचवीस वर्षांत ते त्या गादीवर कधी बसले नव्हते. सेठनं पुन्हा "या" म्हटल्यावर चप्पल काढून, अगदी कडेला, अर्धे बाहेर असे टेकले आणि हात रुमालाखाली घातला.

रुमाल हलला. बाबांनी नकारार्थी मान हलवली. माझी छाती फुगली, म्हटलं वाढवून मागत आहेत. पुन्हा हलला, पुन्हा मान. सेठ बाबांकडे बघतच राहिले आणि मग मिशीत हसले. सौदा झाला. उठताना सेठ बाबांना म्हणाले, "उद्या लवकर या, दोन गाड्या भरायच्यात." ते ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

बाहेर आल्यावर मला राहवेना. "किती?"

"दोन."

"दोन हजार? त्याचा पोरगा दहा द्यायला तयार होता!"

"सेठनं अख्खा पंजा दाबला व्हता. पाच. मी म्हनलं न्हाई, दोन."

विकणारा माणूस भाव उतरवतो हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी भर रस्त्यात उभी राहून भांडले. माझ्या कॉम्प्युटरचं काय, माझ्या डीडीचं काय, रांगेत मी उभी राहिले का तुम्ही? बाबा सगळं ऐकत होते.

"मार्का त्यायचाच व्हता बाई. तू उचलून दुसरीकडं ठुला. त्याची हमाली घेतली. मालाची किंमत आपून कशी घ्यायची?"

"पन सेठ स्वतःहून देत होते ना पाच."

बाबांनी उजवा हात वर करून पाहिला, मग खिशात घातला. म्हणाले, "पंचवीस वर्सं त्यायची पोती वाहिली. हात आज धरला त्यायनं. मला जास्तीचं घेववंना."