उलट्या बाजूने वाचायची पानं

बाइंडिंगच्या कारखान्यात तिला सगळे चौकशीबाई म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. प्रश्न पडला की तो विचारून टाकायचा, नाहीतर जेवण पचत नाही, असा तिचा स्वभावच होता. इथे येण्याआधी वीस वर्षं ती एका पर्स बनवणाऱ्याकडे चामडं कापायची. इथे पहिल्याच दिवशी तिने मालकांना विचारलं, "पर्स पाच वर्षांत फाटते. मग हे पुस्तक शंभर वर्षं कसं टिकायचं?"

मालकांनी बकऱ्याच्या चामड्याचा तुकडा तिच्या हातात दिला. "दुमडून बघा. परत बघा. बघत राहा."

ती दिवसभर दुमडत बसली. संध्याकाळी तुकड्याला केसाएवढी भेग नव्हती. तिची बोटं मात्र कामातून गेली होती.

कारखान्यात येत ती बहुतेक बायबलंच. चर्चच्या मंचावरची पाटाएवढी, प्रवासात खिशात राहणारी, आजीकडून नातीकडे आलेली. जुनी पाठ सोडवायची, फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, पुन्हा जाड दोऱ्याने शिवायचे, चामड्याच्या कडा धारदार पात्याने तासून कागदाइतक्या पातळ करायच्या, खळ लावून चामडं पुठ्ठ्यावर ओढून बसवायचं आणि शेवटी पाठीवर सोनेरी वर्खाची अक्षरं. दहा वर्षांत चौकशीबाईचा हात असा बसला की तासण्याचं काम मालक दुसऱ्या कुणाला देईनासे झाले. ती स्वतः ख्रिस्ती नव्हती, पण पुस्तकं तिला तोंडपाठ होती. शब्दांनी नव्हे, झिजेने. कुठल्या पानाची कड काळवंडलीय, कुठे मेणबत्तीचं मेण सांडलंय, यावरून घरातलं माणूस कसं असेल याचे ती आडाखे बांधायची आणि गिऱ्हाईक आलं की विचारून खात्री करून घ्यायची.

एके दिवशी एक बाई जुनं, जाडजूड बायबल घेऊन आल्या. पाठ लोंबत होती, पुठ्ठे सुटले होते.

"माझ्या सासऱ्यांचं आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात त्यांना ऐंशी पूर्ण होतील. त्यांना न सांगता आणलंय. हे ठेवायची पेटी रंगवायला दिलीय आणि पुस्तक तिच्यातच गेलं, अशी थाप मारलीय."

चौकशीबाईने प्रश्नांची फैर झाडली. रंग कुठला? अक्षरं किती मोठी? वाचायची फीत एक की दोन? सूनबाईंनी सगळ्याची उत्तरं दिली. जाता जाता एवढंच म्हणाल्या, "बाबांची दृष्टी गेलीय, त्याला बारा वर्षं झाली. पण हे पुस्तक रोज मांडीवर लागतं."

काम फक्कड झालं. बायबलमधला जुना करार संपून नवा सुरू होतो त्या मधल्या जागी चार जाड पानं होती, घरातले जन्म, लग्नं, मृत्यू लिहायला ठेवलेली. प्रत्येकाच्या एकाच बाजूला लिहिलं होतं आणि ती सुरकुतून उंचसखल झाली होती. शाई पसरत नाही याची खात्री करून तिने ती ओलसर टिपकागदात ठेवली आणि तीन दिवस प्रेसखाली दाबली. पानं इस्त्री केल्यासारखी निघाली. मालकांनीही शाबासकी दिली.

वाढदिवस होऊन आठवडा झाला तेव्हा सूनबाईंचा फोन आला. "ताई, कामात काही खोट नाही हो. पण बाबा पुस्तक उघडतात, मध्यावर हात फिरवतात आणि मिटून ठेवतात. विचारलं की म्हणतात, छान आहे."

चौकशीबाईला राहवेना. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या घरीच गेली. म्हातारे खिडकीशी ताठ बसले होते. पूर्वी ते घड्याळं दुरुस्त करायचे. बोटं अजून लांबसडक आणि स्वच्छ.

"आजोबा, हे पुस्तक मी बांधलंय," ती म्हणाली. "यात माझं काय चुकलं?"

"काही चुकलं नाही. उत्तम काम आहे."

"मग उघडून मिटता का?"

म्हाताऱ्यांनी पुस्तक उघडून मधल्या पानावर बोटं टेकवली. मग म्हणाले, "नावं पुसली गेलीत."

"नाही हो, सगळी आहेत! मला स्वच्छ दिसताहेत."

"तुला दिसतात गं. मला लागत होती."

चौकशीबाईने ते पान उलटून मागच्या बाजूवर बोट फिरवलं, तर ते गुळगुळीत होतं. म्हाताऱ्यांच्या आईचा हात जड होता. पत्नीचा त्याहून जड. दोघींनी टाक आणि बॉलपेन असं दाबून लिहिलं होतं की पानाच्या मागच्या बाजूने अक्षरं वर उठली होती. म्हातारे बारा वर्षं तीच बोटांनी वाचत होते, आणि तिने ती तीन दिवस दाबून सपाट केली होती. सूनबाईंना सतरा प्रश्न विचारले. ज्याचं पुस्तक त्याला एकही नाही.

"माझ्या हातून झालं, आजोबा," ती म्हणाली. मग दोन क्षण थांबली, पण थांबून थांबणार किती? "मागच्या बाजूने म्हणजे अक्षरं उलटी लागणार. ती कशी वाचायचात?"

म्हातारे पहिल्यांदा हसले. "पन्नास वर्षं घड्याळाच्या पाठीत डोकं घालून बसलेला माणूस मी. मला सुलट काही दाखवलं तर गोंधळतो."

तिसऱ्या दिवशी ती बोथट टोकाची सळई आणि चामड्याची मऊ गादी घेऊन परत आली. पानाखाली गादी ठेवून तिने जुन्या रेषांवरून सळई फिरवायला सुरुवात केली, शाईच्या बाहेर केसभरही न जाता. एकेक ओळ झाली की म्हातारे पान उलटून बोट फिरवत. "ही माझी. ही बहिणीची. हे आमचं लग्न, याच्यातला आठ बायकोने नेहमी असाच वेडावाकडा काढला."

पहिल्या पानावर ती अडखळली. "आजोबा, तुमच्या आणि बहिणीच्या मधे पेन्सिलीने काहीतरी आहे. फार फिकं. एक तारीख, आणि पुढे नुसतं 'मुलगा'."

म्हाताऱ्यांचा हात हवेतच राहिला. "ती ओळ आहे अजून?"

"आहे की."

"मला वाटलं, विरून गेली. बोटाला ती कधी लागलीच नाही. अकरा दिवस जगला. नाव ठेवायच्या आधीच गेला."

सूनबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी हे पहिल्यांदाच ऐकलं. "बाबा, तुम्हाला भाऊ होता?"

"होता."

चौकशीबाईने विचारलं, "तीही उठवू का?"

त्यांनी बराच विचार केला. "उठव. पण आईने हलक्या हाताने लिहिली होती. तूही तशीच हलकी ठेव."

त्या एका ओळीला सगळ्यात जास्त वेळ लागला. थोडा जोर जास्त पडला की पेन्सिल पुसायची भीती, कमी पडला की काही उठायचंच नाही. शेवटी म्हाताऱ्यांनी पान उलटलं, दोनदा बोट पुढे गेलं, तिसऱ्यांदा थांबलं.

"सापडला," ते म्हणाले.

सूनबाई खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या आणि विचारू लागल्या, तो कुणासारखा दिसायचा, आई नंतर त्याच्याबद्दल काही बोलायची का. चौकशीबाईने मात्र त्या दुपारी एकही प्रश्न विचारला नाही. गादी गुंडाळली, सळई पुसली आणि ऐकत बसली.