मामा अजून यायचे आहेत

वसई तालुक्यात आजवर रस्त्यावरच्या जेवढ्या म्हणून शर्यती झाल्या असतील, त्या सगळ्यांत मिळून माझ्या धाकट्या मामांइतका नेमाने शेवटचा आलेला माणूस शोधून सापडणार नाही. पहिला येणारा दर खेपेला बदलायचा. शेवटची जागा मात्र मामांनी घरच्या वाडीसारखी राखली होती. तिथे दुसऱ्या कुणाला पाऊल टाकू दिलं नाही.

आगाशीला त्यांची केळीची वाडी. राजेळी केळी उन्हात सुकवून त्यांची सुकेळी करायची, हा घरचा उद्योग. चाळिशी उलटेपर्यंत मामा सुटलेल्या वासरामागेसुद्धा धावले नव्हते. मग एकदा डॉक्टरांनी त्यांचं पोट बघून रोज थोडं चालायला सांगितलं. "चालायला वेळ कुणाला आहे?" असं म्हणून मामा दुसऱ्या दिवसापासून धावू लागले. त्या काळी आमच्याकडे मोठा माणूस रस्त्याने धावायचा तो दोनच कारणांनी: एस.टी. सुटली म्हणून, नाहीतर घरात कोणी अत्यवस्थ आहे म्हणून. मामा पहिल्यांदा बाजारातून धावत गेले तेव्हा दोन दुकानदार दुकानं तशीच टाकून त्यांच्यामागे निघाले, आणि अर्नाळ्याहून टोपली घेऊन येणारी एक कोळीण रस्त्यातच ओरडली, "कोन गेलं रं बाबा?" मामा धापा टाकत म्हणाले, "कोणी नाही. मीच चाललोय." हे ऐकून ती बाई टोपली खाली ठेवून रडायलाच लागली.

शर्यतीसाठी त्यांनी शिंप्याकडून खाकी अर्धी चड्डी शिवून घेतली होती. तिला डाव्या बाजूला सुकेळी ठेवायला खास खिसा होता. कॅनव्हासच्या बुटांना आदल्या संध्याकाळी ते स्वतः खडू फासत. एवढी तयारी असून ते मागे का पडतात, हे मला एकदा सायकलवरून त्यांच्या सोबत गेलो तेव्हा कळलं. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो आणि रविवारी मला दुसरा उद्योग नव्हता. वाटेत कोणी हाक मारली तर पळता पळता उत्तर देणं मामांना उद्धटपणाचं वाटे. ते थांबत, घरची चौकशी करत, खिशातलं सुकेळं पुढे करत आणि मग निघत. "ह्यांना शर्यतीला पाठवलं, की गावभरच्या आजाऱ्यांची खबर घेऊन येतात," असं मामी म्हणायची.

शर्यतीहून परतले, की मामा लग्नाहून परतलेल्या वरबापासारखे बोलत. पाणी कसं होतं, स्वागत कसं झालं, पाहुणे किती वेळ बोलले. एका उत्साही मंडळाच्या शर्यतीचं वर्णन तर ते वर्षानुवर्षं करत. तिथे पहाटे बोलावलेले धावपटू पाहुण्यांची वाट बघत उन्हं वर येईपर्यंत उभे होते. पाहुणे आले, त्यांनी आरोग्यावर भाषण केलं, त्यात दोघांना चक्कर आली. शेवटी शर्यत सुटली. पुढे वाट दाखवायला एक सायकलवाला असेल असं सांगितलं होतं. तो चहाला गेला होता. त्याच वेळी एक पाववाला भोंगा वाजवत सायकलवरून चालला होता. सगळी तरणी पोरं जिवाच्या आकांताने त्याच्यामागे धावली. पाववाल्याला वाटलं, लुटायला आले. त्याने सायकल आणखी दामटली. ही वरात थेट त्याच्या बेकरीच्या दारात जाऊन थांबली. इकडे मामा मागे राहिलेले. पुढे कोणीच दिसेना, तेव्हा त्यांनी एका म्हातारीला वाट विचारली आणि बरोबर रस्त्याने एकटेच परत आले.

मंडळाने त्यांना हार घातला. मामा म्हणाले, "अहो, मी पहिला नाही. मी एकटा आहे." पण पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं. त्यांनी कप मामांच्या हातात कोंबला. मग मामांनी दोन दिवस खपून, पाववाल्याच्या सगळ्यांत जवळ कोण होता याचा शोध लावला आणि कप त्या पोराच्या घरी नेऊन दिला.

याच्या अगदी उलट म्हणजे ठाण्याकडच्या एका कारखान्याची शर्यत. तिथे सगळं चोख. वेळेवर सुरुवात, वळणावळणाला माणूस, ग्लुकोजचं पाणी आणि शेवटच्या धावपटूमागे रुग्णवाहिका. म्हणजे अर्थात मामांमागे. आतला तरुण डॉक्टर खिडकीतून सारखा विचारत होता, "काका, बसता का?" मामांनी शेवटी थांबून त्याला सांगितलं, "डॉक्टर, तुम्ही मागून असे बघत राहिलात तर मी खरंच आजारी पडेन." त्यानंतर तो बिचारा मान वळवून शेतं बघत बसला. मामांनी शर्यत पुरी केली. मी शेवटच्या रेषेपाशी उभा होतो, पण तिथे आता रेषाच नव्हती. कमान उतरवली होती, बक्षिसं वाटून झाली होती. मामा धावत आत शिरले तसा एक शिपाई म्हणाला, "काका, जरा बाजूने. सतरंज्या गुंडाळतोय."

मामा बाजूने गेले. घरी येईपर्यंत पाण्याबद्दलसुद्धा काही बोलले नाहीत. जेवताना मामीने विचारलं, "कशी होती व्यवस्था?" तेव्हा म्हणाले, "आपण एक शर्यत घेऊ."

आणि त्यांनी घेतली. आगाशी ते निर्मळ आणि परत. पाहुणा बोलावला नाही. वळणांवर मामांचे मित्र उभे राहिले, पाण्याचे हंडे मामीच्या मैत्रिणींनी भरले. मामा स्वतः धावणार नव्हते, त्यामुळे शेवटचं कोण येईल याची गावाला मोठी उत्सुकता होती. एकेक जण येत गेला. मामा एस.टी.च्या थांब्याजवळ दोरीचं एक टोक धरून उभे होते, दुसरं खांबाला बांधलं होतं. येईल त्याने दोरी छातीने खाली पाडायची, मामांनी पुन्हा ताणायची. सगळे आले असं वाटलं तेव्हा कोणीतरी छातीवरचे कापडी नंबर मोजले. एक कमी भरला. गिरिजचा एक सुतार होता, तो आला नव्हता.

"गेला असेल घरी," लोक म्हणाले. मामा म्हणाले, "सांगून गेला नाही ना? मग यायचाच आहे." लोक पांगले. मामीने दोनदा जेवायला बोलावलं. मी म्हटलं, "मामा, दोरी मी धरतो, तुम्ही बसा." ते म्हणाले, "तुला ऑफिसची सवय. वेळ झाली की सोडशील." वसईची एस.टी. आली, कंडक्टरने हा काय प्रकार म्हणून विचारलं, ऐकून हसला आणि घंटी मारून निघून गेला.

तो सुतार निर्मळलाच पाय दुखतात म्हणून एस.टी.त बसून घरी गेला होता. वाटेत गिरिजला तो आपल्या घराच्या दाराशी उभा असताना कंडक्टरला त्याच्या छातीवरचा नंबर दिसला. त्याने गाडीतूनच आवाज दिला, "अरे, तू इथे काय करतोस? तिकडे आगाशीला एक माणूस तुझ्यासाठी दोरी धरून उभा आहे!"

सुतार परतीच्या गाडीने निर्मळला उतरला. जिथे सोडलं होतं तिथूनच लंगडत धावायला लागला. आगाशीत पोचला तेव्हा उन्हं उतरली होती. दोरीपाशी येऊन तो अडखळला. "मी मधे घरी गेलो होतो, काका," म्हणाला. "जेवलोसुद्धा."

"बरं केलंस," मामा म्हणाले. "ये आता."

त्याने दोरी पाडली. मामांनी, मी आणि मामीने टाळ्या वाजवल्या. मग मामा जेवायला बसले आणि सुताराला पुन्हा जेवावं लागलं.

ती शर्यत परत झाली नाही. रस्त्यावर विटांचे आणि रेतीचे ट्रक वाढले, तिकडे इमारती उठू लागल्या. "आता धावायला जागा कुठे आहे?" असं मामा म्हणायचे, खरं कारण गुडघे होते. शेवटचा भेटलो तेव्हा निघताना ते मला थांब्यापर्यंत सोडायला आले. नको म्हणालो तर ऐकेनात. वाडीच्या कडेने आम्ही चाललो होतो. जरा वेळाने ते म्हणाले, "तू मुद्दाम हळू चालतोयस."

"नाही हो मामा."

"चालतोयस. मला कळतं." मग म्हणाले, "चाल. बरं वाटतं."