हजेरीचं प्रहसन

अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या मराठी मंडळात मनोहरला विचारल्याशिवाय पडदा हलत नसे. दिवसभर तो विमा कंपनीचे डेटाबेस सांभाळायचा आणि सुट्टीच्या दिवशी प्रहसनं लिहायचा. माणूस हौशी, पण स्वतःच्या विनोदावर सगळ्यांच्या आधी हसणारा.

२००५च्या गणपतीसाठी त्याने लायब्ररीतून एक जाडजूड ग्रंथ आणला. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडच्या खेड्यांतल्या चोऱ्या आणि पोलीस यांची लंडनच्या पार्लमेंटने चौकशी केली होती, तिचे सवाल-जवाब त्यात होते. साक्षी सगळ्या गोऱ्या साहेबांच्या. मनोहरने ठरवलं, आपला पाटीलच लंडनला न्यायचा!

"चोर कसा ओळखता, पाटील?"

"सोपं आहे, साहेब. रामोशांची रोज चावडीवर हजेरी घेतो. चोरी झाली, की गैरहजर तो चोर."

"आणि सगळेच हजर असले तर?"

"मग जो सगळ्यांत आधी आला, तो!"

पाटील अर्थातच मनोहर. स्टेजच्या एका कोपऱ्यात गावची चावडी होती; तिथल्या मुक्या रामोशाच्या कामाला त्याने संजयला उभं केलं. दोघं कित्येक वर्षं एकाच गाडीतून ऑफिसला जात. संजय रंगाने काळा, अंगाने दणकट. "मेकअपचा खर्च वाचला यार," मनोहर म्हणाला, आणि सगळे खो खो हसले. संजयही हसला.

तालमीत संजयने न सांगता चपला लांब काढल्या. चावडीच्या पायरीपासून दूर, मान खाली घालून उकिडवा बसला. दोन्ही हात दिसतील असे पुढे धरून.

"वा रे पठ्ठे! हे कुठून उचललंस?"

"बाबांनी दाखवलं होतं," संजय म्हणाला. "आजोबांना द्यावी लागायची ना हजेरी. बाबा लहान होते, बोट धरून जायचे. आम्ही रामोशीच, मनोहर."

कुणी हसलं नाही. मनोहरला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मेकअपचं ते वाक्य त्याच्याच कानात वाजत राहिलं. फेटा काढताना त्याला संजयकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी गाडीत तो कसाबसा म्हणाला, "चुकलं माझं. प्रहसन कॅन्सल करतो."

"कॅन्सल कशाला?" संजय ड्राइव्ह करत होता. "तुझ्या ग्रंथात साहेब बोलतो, तुझ्या नाटकात पाटील बोलतो. मला पण डायलॉग दे की. साहेबाला म्हणावं, आता याला विचारा."

घरी आल्यावर मनोहर लिहायला बसला. साहेब रामोशाला काय विचारेल? साक्षीदाराला आधी नाव-गाव विचारतात, एवढं तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रामोशाला संजयचंच नाव आणि गाव द्यायचं त्याने ठरवलं. नाव लिहिलं. गावापाशी हात थांबला.

शेजारच्या सीटवर बसून त्याने संजयला आपल्या गावची नदी, जत्रा, आंबे, पाटीलकी, सगळं सगळं ऐकवलं होतं. संजयचं गाव कोणतं, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.