गेमने कार्ड ओळखलं तेव्हा

मुलगा नोकरीला पुण्यात गेला आणि त्याचा जुना कॉम्प्युटर इथे पावस गावी माझ्याकडे राहिला. त्यातलं ग्राफिक्स कार्ड एवढं जुनं, की माझ्या बागेतली आंब्याची सगळ्यात म्हातारी कलमंसुद्धा त्याला आजोबा म्हणतील. मुलाने पाठवलेला ट्रॅक्टरचा गेम लावला, तर पडद्यावर पाटी आली: हे कार्ड चालणार नाही.

एरवी महिन्यातून एकदा "आंबा कसा आहे?" एवढंच विचारणारा मुलगा या भानगडीपायी रोज संध्याकाळी फोन करू लागला. कार्डाचे ड्रायव्हर बदलून झाले, सेटिंगं झाली. मग म्हणाला, "बाबा, गेमच्या फोल्डरमध्ये एक फाईल आहे. तिच्यात चालणाऱ्या कार्डांची नावं आहेत. आपल्या कार्डाचं नाव त्यात घुसवून बघा."

"म्हणजे बाहेरचा आंबा आपल्या पेटीत भरून हापूस म्हणून खपवायचा, तसंच ना?"

"अगदी तसंच!" तो इतका हसला, की माडावरचे नारळ पडायचेच बाकी राहिले.

फोन ठेवून मी नाव घातलं. गेम मुकाट फसला आणि सुरू झाला. मी ठोकलेली आरोळी जयगडच्या बंदरातल्या जहाजांनी ऐकली असेल. घरात ऐकायला कुणी नव्हतं. मग एकट्यानेच अर्धं कोकण नांगरून काढलं.

दुसऱ्या संध्याकाळी फोन वाजला. "बाबा, चालला का गेम?"

पडद्यावर ट्रॅक्टर धडधडत होता. मी आधी त्याचा आवाज बंद केला.

"नाय रे," मी म्हटलं. "भारी हट्टी आहे. आता काय करू, सांग."