बागेतलं गवत

लोकांसाठी बागा सांभाळणारे पुष्कळ असतील. लोकांपासून बाग सांभाळणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे पालघरला आमच्या शेजारी राहणारे, ग्रामपंचायतीचे सभासद असलेले काका. साठ सालानंतरची ही गोष्ट. तारापूरला वीजकेंद्राचं काम निघालं होतं आणि ठेकेदारांना लोखंड रचायला जागा हवी होती. सरपंचांनी बजावलं होतं, पंचायतीच्या बागेनं आपला खर्च आपण भागवावा, नाहीतर जागा ठेकेदाराला. काकांनी तोड काढली ती गवताची. पावसाळ्यात बागेत गवत माजू द्यायचं, दिवाळीच्या सुमारास उभ्या गवताचा लिलाव करायचा आणि त्यात माळी, पाणी, कुंपण सगळं निभवायचं. गवत तुडवलं जाऊ नये म्हणून फाटकाला कुलूप आलं, आणि मुळांना विश्रांती हवी म्हणून ते उन्हाळ्यातही निघेना. बागेतल्या एकुलत्या एका झोपाळ्याला काका स्वतः गोणपाट गुंडाळत, साखळ्यांना तेल देत. "झिजवायला नाही आणलाय तो!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लेकीला बघायला आलेल्या मंडळींना बाग पाहायची हुक्की आली, तेव्हा काकांनी त्यांना कुंपणाबाहेरून फिरवून आणलं. "तारेतून फुलं दिसतायत ना? मग आत जाऊन वेगळं काय दिसणार?" एकदा पालघरजवळच्या माहीमची मासेवाली फाटकाशी टोपली उतरवून म्हणाली, "काका, बाग हाय का कुरण हाय? मानसानी बसायचा कुटं?" काकांनी तिला शांतपणे समोरचा ओटा दाखवला.

मग एका भाद्रपदात काका तापानं अंथरुणाला खिळले. नवरात्र आलं, आळीतल्या मुलींना भोंडल्याला जागा मिळेना, तेव्हा काकूंनी उशाखालची किल्ली काढून सरळ फाटक उघडलं. कमरेएवढं गवत दोन दिवसांत भुईसपाट झालं. तिसऱ्या दिवशी काका काठी टेकत आले. गोणपाट बाजूला पडलं होतं, झोपाळा आभाळाला भिडत होता. आता सगळ्यांची धडगत नाही, असं मला वाटलं.

"गवत काय, पुढल्या वर्षी येईल हो," काकू म्हणाल्या.

"गवत येईल गं. बाग नाही राहायची."

एवढं बोलून ते कट्ट्यावर बसले. त्यांनी कुणालाही बाहेर काढलं नाही.

लिलावाला कोणी फिरकलं नाही आणि उन्हाळ्यात तिथे लोखंडी नळ येऊन पडले. झोपाळा मात्र काकांनी मागून घेतला, आपल्या अंगणातल्या आंब्याला टांगला. संध्याकाळी पोरांची रांग लागे. एखादं भित्रं पोर जपून झोका घेऊ लागलं, की पायरीवरून काका ओरडत, "अरे, जोरात घे! गंजवायला नाही आणलाय तो!" त्यांचा तो आवाज मला अजून हवाहवासा वाटतो.